वाचक विचारतात : दुर्बीण दुरुस्त करायला गेलेला खगोलशास्त्रज्ञ

मागील अंकात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल दुर्बिणीवरच्या टिपणात एक वाक्य सहज येऊन गेले होते : १९९३ मध्ये ही दुर्बीण दुरुस्त करण्यासाठी जे अंतराळवीर गेले, त्यांतले जेफ्री हॉफमन हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आली, म्हणून या वेळचे सदर हॉफमन यांच्यासाठीच राखले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : अंतराळात जाणारे सगळे वायुदलातले वैमानिक असतात, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. राकेश शर्मा वैमानिक, शुभांशु शुक्लाही वैमानिक. मग तारे पाहणारा माणूस यानात कसा बसला?
— निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

गुरुजी, तुम्ही सांगत होता ते निराधार नव्हते. अमेरिकेने १९५९ मध्ये निवडलेले पहिले सातही अंतराळवीर लष्करातले चाचणी वैमानिक होते, आणि आपल्या गगनयान मोहिमेसाठी २०२४ मध्ये ज्या चौघांची नावे जाहीर झाली, तेही वायुदलाचेच अधिकारी आहेत. शास्त्रज्ञांना अमेरिकेत १९६५ पासून प्रवेश मिळू लागला. मात्र निवड होणे आणि उड्डाण मिळणे यांत फार मोठे अंतर होते. १९६७ च्या तुकडीत निवडले गेलेले खगोलशास्त्रज्ञ कार्ल हेनाइझ यांना प्रत्यक्ष यानात बसायला १९८५ चा जुलै उजाडला, आणि तोवर त्यांनी वयाची ५८ वर्षे ओलांडली होती. (हेनाइझ यांचा शेवटही चटका लावणारा आहे. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्टवर गेलेले असताना विरळ हवेमुळे फुफ्फुसांत पाणी साठून त्यांचा मृत्यू झाला.)

हे चित्र स्पेस शटल या नासाच्या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या यानांमुळे बदलले. शटल चालवायला दोन वैमानिक पुरेसे होते आणि बसायला सात जणांची सोय होती. उरलेल्या जागांवर उपग्रह सोडणारे, यांत्रिक हात चालवणारे, यानाबाहेर पडून काम करणारे आणि प्रयोग करणारे लोक हवे होते. १९७८ च्या जानेवारीत नासाने आठ हजारांहून अधिक अर्जांतून ३५ जण निवडले. त्यांत १५ वैमानिक होते आणि २० जण शास्त्रज्ञ, अभियंते, डॉक्टर असे होते. सहा स्त्रियाही याच तुकडीत होत्या. हॉफमन, स्टीव्हन हॉली आणि जॉर्ज नेल्सन हे तीन खगोलशास्त्रज्ञ एकाच वेळी या निवडीत आले.

हॉफमन यांचा जन्म २ नोव्हेंबर १९४४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. लहानपणी न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात जाण्याचा त्यांना नाद लागला. पुढे अॅम्हर्स्ट महाविद्यालयातून १९६६ मध्ये खगोलशास्त्राची पदवी आणि १९७१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून खगोलभौतिकीची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. येथवरचा प्रवास कोणत्याही हुशार विद्यार्थ्याचा असतो तसाच आहे. माझ्या मते खरी मेख त्यांच्या प्रबंधात आहे. त्यासाठी त्यांनी गॅमा किरण टिपणारी एक दुर्बीण स्वतः आखली, जोडली, तपासली आणि फुग्याला बांधून आकाशात सोडली.

फुगा कशासाठी, असे वाटेल. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आणि गॅमा किरण हवेत शोषले जातात. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण उभारली तरी तिला ते दिसत नाहीत, त्यामुळे उपकरण हवेच्या बहुतांश थरावर चढवावे लागते. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र हैदराबादहून असे फुगे सोडते. ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणे छत्रीला लटकत तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या शेतांत उतरतात. वावरात अशी पेटी सापडली तर ती न उघडता पोलिसांना कळवायचे असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हार्वर्डनंतर हॉफमन इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात गेले. तेथे १९७२ ते १९७५ या काळात त्यांनी तीन अग्निबाणांवर बसवायच्या उपकरणांवर काम केले, आणि त्यांतले एक वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाचे क्ष-किरण पाहण्यासाठी होते. नंतर एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठात त्यांच्याकडे एचईएओ-१ या उपग्रहावरच्या एका उपकरणाची जबाबदारी आली. हा उपग्रह १९७७ च्या ऑगस्टमध्ये कक्षेत गेला. अचानक काही सेकंद भडकून विझणारे क्ष-किरणांचे स्रोत हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. थोडक्यात, निवड समितीपुढे जो माणूस आला त्याने आधीच फुगा, अग्निबाण आणि उपग्रह अशा तिन्ही मार्गांनी आपली उपकरणे वर पाठवून पाहिली होती. त्यांच्यासोबत स्वतः जाणे एवढेच शिल्लक होते.

प्रश्न : माझे मोटारपंप वाइंडिंगचे दुकान आहे, त्यामुळे दुरुस्ती काय असते ते मला कळते. हातात जाड मोजे, अंगात हवा भरलेला पोशाख आणि पायाखाली जमीन नाही, अशा अवस्थेत नट-बोल्ट फिरवले कसे? आणि एवढी महागडी वस्तू मुळात बिघडलीच कशी?
— ता. दारव्हा, जि. यवतमाळ

आधी बिघाडाचे पाहू, कारण तो तुमच्यासारख्या कारागिराला लगेच पटेल. हबलचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा आहे. तो अत्यंत अचूक घासला गेला होता, पण चुकीच्या आकारात. ज्या उपकरणाने आरशाचा बाक तपासत होते, त्यातले एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसले होते. त्यामुळे मापच चुकले आणि त्या मापाप्रमाणे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी, जास्त घासली गेली. दोन साध्या चाचण्यांनी हा दोष दाखवलाही होता. पण महागडे उपकरण खरे आणि साध्या चाचण्या खोट्या, असे धरून त्या बाजूला ठेवल्या गेल्या. दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी शटलमधून निघाली. दुसऱ्या दिवशी तिला यांत्रिक हाताने कक्षेत सोडणारे होते स्टीव्हन हॉली, म्हणजे हॉफमन यांच्याच तुकडीतले खगोलशास्त्रज्ञ. काही आठवड्यांत ताऱ्यांच्या प्रतिमा धुरकट येतात हे लक्षात आले आणि नासाची जगभर थट्टा झाली.

आरसा बदलणे शक्य नव्हते. तेव्हा उपाय असा निघाला की, नव्या कॅमेऱ्यातल्या छोट्या आरशांना तोच दोष उलट दिशेने मुद्दाम द्यायचा, म्हणजे दोन्ही चुका एकमेकींना फेडून टाकतील. जुन्या उपकरणांसाठी असेच छोटे आरसे बसवलेली वेगळी पेटी तयार झाली. सौरपट्टे थरथरत होते म्हणून तेही बदलायचे होते, आणि दुर्बिणीला रोख धरायला मदत करणारे काही जायरोस्कोप निकामी झाले होते. या कामांसाठी एंडेव्हर यान २ डिसेंबर १९९३ रोजी निघाले. हॉफमन आणि स्टोरी मसग्रेव्ह ही एक जोडी, कॅथरीन थॉर्नटन आणि टॉम एकर्स ही दुसरी. दोन्ही जोड्या आळीपाळीने बाहेर पडत. यांत्रिक हात चालवत होते स्वित्झर्लंडचे क्लॉड निकोलिए, आणि गंमत म्हणजे तेही खगोलशास्त्रज्ञच.

आता मोज्यांबद्दल. बाहेर निर्वात असल्यामुळे पोशाखात हवेचा दाब ठेवावा लागतो आणि त्या दाबाने मोजा फुगून ताठ होतो; प्रत्येक वेळी मूठ वळताना तो दाब बोटांनी मोडावा लागतो, आणि हे सलग सात तास चालते. बोल्ट फिरवायला जावे तर बोल्टऐवजी माणूसच फिरतो, कारण रेटा द्यायला जमीन नसते. म्हणून पाय आधी एका खोबणीत अडकवतात. ती खोबण दुर्बिणीच्या अंगावर तरी असते किंवा यांत्रिक हाताच्या टोकाला, आणि मग बॅटरीवर चालणाऱ्या पान्याने काम करतात. प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेले असते, कारण सुटलेला पाना परत येत नाही. हे सगळे अंगवळणी पडावे म्हणून या चमूने पाण्याच्या प्रचंड टाकीत ४०० हून अधिक तास सराव केला होता. उड्डाणाच्या काही महिने आधी निर्वात कक्षातल्या चाचणीत मसग्रेव्ह यांच्या बोटांना थंडीने इजाही झाली होती.

पहिल्याच दिवशी नेमके ते घडले, जे तुमच्या दुकानात रोज घडत असेल. जायरोस्कोप बदलून झाले आणि कप्प्याची दारे लागेनात. दोन पल्ले होते; वरची कडी बसवावी तर खालची सुटे, खालची दाबावी तर वरची. असा पट्टा, की ज्याला खटक्याने ताण देत जाता येतो, तो दोन्ही दारांना अडकवून हळूहळू आवळला आणि दोघांनी मिळून कड्या बसवल्या. त्या दिवशीचे काम ७ तास ५४ मिनिटे चालले. दारे उघडी राहिली असती तर आत सूर्यप्रकाश शिरून दुर्बीण कायमची निकामी होण्याचा धोका होता.

नवा कॅमेरा बसवण्याची पाळी हॉफमन-मसग्रेव्ह यांच्यावर तिसऱ्या दिवशी आली. कॅमेऱ्याचे वस्तुमान सुमारे २८० किलो. अंतराळात तो हातात जड लागत नाही, पण जडत्व कुठे जात नाही : तलावातली भरलेली नाव बोटाने हलवता येते आणि हलल्यावर तिला थांबवताना घाम फुटतो, तसे ते असते. या कॅमेऱ्यातून एक छोटा आरसा बाहेर डोकावत होता आणि त्याच्यावरचे झाकण आत सरकवण्यापूर्वी काढावे लागत होते. त्या क्षणी मोज्याचा नुसता स्पर्श झाला असता तरी ते काम वाया गेले असते. झाकण निघाले, रुळांवरून कॅमेरा आत गेला. त्याच दिवशी दुर्बिणीच्या वरच्या टोकाला चुंबकत्वमापक बसवताना जुन्या मापकांची आवरणे सुटत चालल्याचे दोघांना दिसले, तेव्हा यानातल्या सहकाऱ्यांनी हाताशी असलेल्या उष्णतारोधक कापडातून नवी आवरणे बेतली आणि ती पुढच्या फेरीत या दोघांनी वर चढून बसवली. पाच फेऱ्यांत मिळून ३५ तास २८ मिनिटे काम झाले. त्यांतले २२ तास हॉफमन यांच्या वाट्याचे.

१९९४ च्या जानेवारीत पहिली स्वच्छ छायाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि एम-१०० या दीर्घिकेचे आधीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवल्यावर कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

जुगाड मात्र दर वेळी लागू पडतोच असे नाही, हेही सांगायला हवे. हॉफमन यांच्या पहिल्या उड्डाणात, एप्रिल १९८५ मध्ये, यानातून सोडलेला एक दळणवळण उपग्रह सुरूच झाला नाही. त्याच्या बाजूची कळ अडकली असावी असा अंदाज करून जमिनीवरच्या अभियंत्यांनी सूचना दिल्या, आणि यानातल्या लोकांनी पुस्तिकांची प्लॅस्टिकची आवरणे, चिकटपट्टी अशा सामानातून माशा मारायच्या जाळीसारखे एक साधन तयार केले. हॉफमन आणि डेव्हिड ग्रिग्ज यांनी बाहेर जाऊन ते यांत्रिक हाताच्या टोकाला बांधले. आधी न ठरवता, ऐनवेळी केलेला नासाचा हा पहिला स्पेसवॉक. साधनाने कळ बरोबर ओढली गेली, तरी उपग्रह जागा झाला नाही, कारण दोष कळीत नव्हताच. त्याची दुरुस्ती त्याच वर्षी दुसऱ्या मोहिमेने केली.

प्रश्न : मी अकरावी विज्ञानला आहे. लोणार आमच्यापासून जवळ असल्यामुळे सगळे मला भूशास्त्र घ्यायला सांगतात, पण मला ताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे आणि अंतराळातही जायचे आहे. अंतराळवीर झाल्यावर खगोलशास्त्र सुटते का? वर गेल्यावर तारे जवळून दिसतात का?
— विद्यार्थिनी, ता. मेहकर, जि. बुलडाणा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जवळून दिसत नाहीत. यान जमिनीपासून काही शे किलोमीटर वर असते. सर्वांत जवळचा तारासुद्धा इतका दूर आहे की, त्यापुढे ते अंतर मोजण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो हवा नसल्याचा : तारे लुकलुकत नाहीत, आणि हवा जे किरण अडवते ते उपकरणांना मिळतात.

हा फायदा हॉफमन यांना प्रत्यक्ष घेता आला तो दुसऱ्या उड्डाणात. हायड्रोजनच्या गळतीमुळे मे महिन्यापासून रखडलेले कोलंबिया यान २ डिसेंबर १९९० रोजी निघाले तेव्हा त्यात अतिनील किरणांच्या तीन आणि क्ष-किरणांची एक अशा दुर्बिणी होत्या, आणि सात जणांमध्ये चक्क चार खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणी चालवण्यासाठी यानात जे दोन संगणक-पडदे होते, ते दोन्ही बंद पडले. मग ढोबळ रोख जमिनीवरून धरायचा आणि शेवटचा बारीक रोख यानातल्या माणसाने दांडी हलवून साधायचा, अशी वाटणी करून दोन पाळ्यांत रात्रंदिवस निरीक्षणे उरकली. यानातूनच या चौघांनी शाळकरी मुलांसाठी एक पाठही घेतला. विषय होता प्रकाशाचे दिसणारे आणि न दिसणारे प्रकार.

तरीही तुझ्या मुख्य प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे देता येत नाही. पाच उड्डाणे मिळून हॉफमन अंतराळात १,२११ तास होते. हे साधारण पन्नास दिवस झाले, आणि त्यासाठी त्यांनी जवळजवळ वीस वर्षे नोकरी केली. बाकीचा काळ प्रशिक्षण, इतरांच्या मोहिमांना आधार देणे आणि वाट पाहणे यात गेला. स्वतःचे संशोधन त्या काळात मागे पडले. पहिले, दुसरे आणि हबलचे चौथे उड्डाण वर सांगून झाले. उरलेल्या तिसऱ्या आणि पाचव्या मोहिमा एका वेगळ्याच प्रयोगाच्या होत्या : यानातून लांबच लांब तारेने उपग्रह लोंबता ठेवून वीज निर्माण होते का, हे पाहायचे होते. १९९२ मध्ये तार अडकली आणि २० किलोमीटरपैकी सुमारे अडीचशे मीटरवरच थांबली. १९९६ मध्ये ती १९.७ किलोमीटर सुटली आणि मग ठिणगी पडून तुटली. इतकी तयारी करून असेही होते, हे आधीच माहीत असलेले बरे.

नासा सोडल्यावर ते एमआयटीत प्राध्यापक झाले आणि पुढे मंगळाच्या कामात आले. पर्सिव्हिअरन्स या बग्गीवर मॉक्सी नावाचे एक उपकरण आहे. मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवून, विजेने फोडून त्यातून ऑक्सिजन काढणे हे त्याचे काम. हॉफमन त्या गटाचे उपप्रमुख होते. २० एप्रिल २०२१ रोजी पहिल्याच प्रयत्नात ५.४ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला, आणि २०२३ पर्यंतच्या १६ प्रयोगांत एकूण १२२ ग्रॅम. म्हणजे फुग्यापासून मंगळापर्यंत ते उपकरणेच करत राहिले. मला वाटते, तुझ्या प्रश्नाचे उत्तर यात आहे : त्यांचे खगोलशास्त्र थोडे सुटले, उपकरणे सुटली नाहीत.

आपल्याकडे आज शास्त्रज्ञांसाठी अंतराळवीर म्हणून थेट वाट नाही. तोवर बारावीनंतर भौतिकशास्त्राची पदवी घ्यावी, आयसर किंवा तत्सम संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यावी आणि पुढे पुण्याची आयुका, मुंबईची टाटा संस्था किंवा बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था येथे संशोधनाचा प्रयत्न करावा. तेथे उपकरणे बनवणाऱ्या गटाकडे आवर्जून जा. २०१५ मध्ये गेलेल्या अॅस्ट्रोसॅट या आपल्या वेधशाळेतली उपकरणे अशाच गटांनी घडवली. आणि लोणारला कमी लेखू नकोस. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेले १.८ किलोमीटर व्यासाचे असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, आणि चंद्र-मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे परदेशातून ते पाहायला येतात. १९७८ च्या त्याच तुकडीतल्या सॅली राइड यांची डॉक्टरेट ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूवर पडणाऱ्या क्ष-किरणांची होती, आणि १९८३ मध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री त्याच ठरल्या.

प्रश्न : २०२२ च्या गुढीपाडव्याला आमच्या भागात आकाशातून जळत काहीतरी गेले आणि लाडबोरीला लोखंडासारखे मोठे कडे पडले. हबलही कधी तरी असेच पडेल का? रात्री धानाला पाणी सोडताना चालते तारे दिसतात, त्यांत हबल असते का?
— कास्तकार, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

ते कडे एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. हबलला स्वतःचे इंजिन नाही. विरळ हवेच्या घर्षणाने तिची कक्षा हळूहळू खाली येते आणि शटल असताना ती अधूनमधून वर ढकलली जाई. शटल २०११ मध्ये थांबले. त्याआधीची शेवटची दुरुस्ती मे २००९ ची. तीत बाहेर पडून काम करणाऱ्यांत जॉन ग्रन्सफेल्ड हे आणखी एक खगोलशास्त्रज्ञ होते. हबलकडची ती त्यांची तिसरी खेप. त्या मोहिमेत दुर्बिणीच्या बुडाशी एक कडी बसवून ठेवली आहे, म्हणजे पुढे एखादे यान तिला जोडून ठरवलेल्या ठिकाणी, समुद्रात, उतरवता येईल.

दिसण्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. हबलची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली आहे, त्यामुळे ती त्याहून उत्तरेला कधीच जात नाही. लंडनच्या माणसाला ती दिसत नाही. तुमच्या बांधीवरून मात्र ती कधीकधी जवळजवळ डोक्यावरून जाते. मध्यरात्री दिसणारा चालता तारा हबल नसणार, कारण तेव्हा ती पृथ्वीच्या सावलीत असते. सूर्यास्तानंतर तास-दीड तासात किंवा उजाडण्याआधी तेवढ्याच वेळात पाहावे. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, तिचा प्रकाश विमानासारखा उघडझाप करत नाही आणि चार-पाच मिनिटांत ती निघून जाते. आपल्या गावाच्या नेमक्या वेळा हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही मिळतात. दुर्बिणीची गरज नाही, आणि साध्या दुर्बिणीतूनही ती ठिपक्याएवढीच दिसेल.